कोजागिरीचा सिनेमा आणि दामले काकांचा प्रश्न

(पनवेलच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. शनिवार रात्र ते रविवार दुपार.)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आणि सिनेमा असं मीटिंगमध्ये ठरलंय. प्रोजेक्टर रोहन आणतोय. सिनेमा कोणता ते उद्यापर्यंत ठरवून टाकू. नावं सुचवा.

सुनंदा काकू, बी-३०१: दुधाला केशर आणि चारोळी माझ्याकडून. सिनेमा मराठीच लावा.

संध्याताई, ए-४०३: मी 'जैत रे जैत' सुचवते. जब्बार पटेलांचा, १९७७ चा. आपल्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो ना, त्याच मुलखातल्या ठाकर आदिवासींची गोष्ट आहे. एवढ्या जवळ राहून आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिला नसेल.

दामले काका, बी-१०२: ताई, निवड चांगली आहे. पण ज्याने गो. नी. दांडेकरांची मूळ कादंबरी वाचली, त्याला सिनेमाची गरज नाही. पुस्तकावरून काढलेला सिनेमा पुस्तकापेक्षा सरस झाला, असं मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही. कोणी पाहिलं असेल तर नाव सांगा.

रोहन, सी-५०४: काका, गॉडफादर.

दामले काका: वाचलंय का पुस्तक?

रोहन: हो, सिनेमा पाहून मग वाचलं. मारिओ पुझोची कादंबरी १९६९ ची, सिनेमा १९७२ चा. पुस्तकात त्या लुसी मॅन्सिनीचं लास व्हेगासमधलं सगळं प्रकरण आहे. तिचा डॉक्टर, तिचं ऑपरेशन, पानंच्या पानं. जॉनी फाँटेन गायकाचंही तसंच लांबण. दिग्दर्शक कोपोलाने लुसीचं ते प्रकरण काढूनच टाकलं आणि फाँटेनला दोनचार प्रसंगांत आवरलं. म्हाताऱ्या डॉनच्या, व्हिटोच्या, तरुणपणाचा भाग बाजूला ठेवला आणि १९७४ च्या दुसऱ्या भागात वापरला. आणि शेवट बघा. पुस्तकात मायकेलची बायको, के, चर्चमध्ये जाऊन त्याच्यासाठी प्रार्थना करते, तिथे संपतं. सिनेमात तिच्या तोंडावर दार बंद होतं. बस. एक शब्द नाही.

दामले काका: पण ती पटकथा पुझोनेच लिहिली होती ना?

रोहन: दोघांनी मिळून. ऑस्करही दोघांना मिळालं. म्हणजे लेखकालाच दुसऱ्यांदा लिहायची संधी मिळाली.

दामले काका: मग ते एक मान्य. पण ती मुळात खपाऊ कादंबरी. गाळायला भरपूर होतं म्हणून गाळून सुधारली. चांगल्या पुस्तकाचं काय? तिथे काही गाळलं की रक्त येतं.

यशवंतराव, ए-१०१: दामले, 'सिंहासन' विसरलात. मी तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली आहेत, म्हणून बोलतो. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या. कादंबऱ्या उत्तमच आहेत, आजही वाचतो. पण निळूभाऊ फुल्यांचा दिगू टिपणीस पडद्यावर नुसता दारात उभा राहिला, तरी पत्रकार म्हणजे काय ते कळतं. सगळं माहीत असलेला आणि काहीच करू न शकणारा माणूस. शेवटी तो हसत सुटतो ते हसू मी ऑफिसात प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. कागदावर ते 'हसला' एवढंच राहतं.

दामले काका: ते निळूभाऊंचं श्रेय. सिनेमाचं कसं?

यशवंतराव: अहो, नट हाही सिनेमाचाच भाग. कादंबरीला नट मिळत नाही.

सेक्रेटरी: मंडळी, चर्चा छान आहे, पण मत एकाच नावाला पडलंय.

केतकी, सी-२०१: माझंही नाव घ्या काका, पण मला 'गाइड'बद्दल बोलायचंय. दामले काका, आर. के. नारायण यांची कादंबरी चांगली की खपाऊ?

दामले काका: केतकी, तो प्रश्न आहे का? १९५८ ची कादंबरी, साहित्य अकादमी मिळालेली. आणि नारायण यांना सिनेमा आवडला नव्हता, त्यांनी तसं लिहूनही ठेवलंय. त्यांचं छोटंसं मालगुडी उचलून उदयपूरला नेलं. नायिका रोझीच्या नवऱ्याला, मार्कोला, बाहेरख्याली केलं. कादंबरीतला मार्को तसा नाही. तो फक्त गुहांमधल्या चित्रांत बुडालेला, बायकोकडे बघायला वेळ नसलेला माणूस आहे. त्यात खरं दुःख आहे. नवरा वाईट निघाला की रोझीने घर सोडलं ते प्रेक्षकाला पचतं, म्हणून केलेली ही सोय.

केतकी: मार्कोचं शंभर टक्के पटलं. तिथे सिनेमा कमी पडला. पण काका, मी वयाच्या आठव्या वर्षापासून नाचते, म्हणून एक सांगते. कादंबरी राजू, म्हणजे तो गाइड, सांगतो. रोझीचं नृत्य आपल्याला राजूच्या तोंडून कळतं, आणि राजूला नृत्यातलं काही कळत नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. त्यामुळे पुस्तकभर ती नाचते आणि आपल्याला दिसतो तो तिच्याकडे बघणारा राजू. ती मोठी नर्तकी आहे हे आपण त्याच्या शब्दावर मानायचं.

सिनेमात रोझी झालेली वहिदा रेहमान नाचते तेव्हा राजू मध्ये उभा नसतो. नागाचा खेळ दोन्हींकडे आहे. पुस्तकात तिला तो बघायचा असतो, राजू घेऊन जातो आणि ती क्षणभरच डोलते. पडद्यावर ती स्वतः नाचायला लागते आणि तिथेच कळतं की हिचा नाच कोणीतरी बांधून ठेवला होता. वहिदाने लहानपणी भरतनाट्यम शिकलेलं, त्यामुळे तिचे हात खोटे वाटत नाहीत. माझ्या क्लासमधल्या मुलींना मी तो तुकडा दाखवते. मनगट कुठे थांबतं ते बघा म्हणते.

केतकी: आणि 'आज फिर जीने की तमन्ना है'. गवताच्या गाडीवर बसून ती मडकं खाली टाकते ते. असा क्षण कादंबरीत नाही. कादंबरीत तर मार्कोच तिला टाकून रेल्वेने निघून जातो. सिनेमात ती स्वतः निघते. हा बदल मला नारायण यांच्यापेक्षा जास्त पटतो, त्यांना दुखावलं असेल तरीही.

दामले काका: हं. राजू मध्ये उभा राहतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उद्या पुस्तक काढून बघतो.

सुनंदा काकू: नाचाचं म्हणाल तर 'नटरंग'. आनंद यादवांचं पुस्तक मला माझ्या भावाने दिलेलं. चांगलं आहे. पण गुणा पैलवानाचा तमाशातला नाच्या होतो ते वाचणं वेगळं आणि अतुल कुलकर्णीला बघणं वेगळं. आधी तो छाती काढून चालतो, मग त्याच अंगाची चाल बदलते. मी थेटरात शेजारणीचा हात धरला होता.

रोहन: आणि अजय-अतुलची गाणी. पुस्तकाला गाणी कुठून येणार.

प्राची, बी-३०१ (सुनंदा काकूंची मुलगी): पण 'शाळा'चं काय? मिलिंद बोकिलांचं पुस्तक नववीत वाचलं होतं मी. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वाईट नाहीच आहे. पण पुस्तकात मुकुंद जोशी मनातल्या मनात जे बोलतो ना, शिरोडकर वर्गात शिरली की आत जे होतं ते, ते पडद्यावर येतच नाही. एक मुलगा एका मुलीकडे बघतोय एवढंच दिसतं.

दामले काका: शाब्बास प्राची.

संध्याताई: प्राची, अगदी बरोबर बोललीस, आणि मला जे सांगायचंय ते तुझ्या बोलण्याशेजारीच आहे. जरा लांब लिहिते, माफ करा.

'जैत रे जैत' मी पहिल्यांदा वाचली ती शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला लागले त्या वर्षी. पुठ्ठा सुटलेली प्रत होती, मीच डिंक लावून बांधली. नाग्या ढोल वाजवतो. भगताचा पोरगा. त्याला पुण्यवंत व्हायचंय, मधमाश्यांची राणीमाशी बघायचीय. माशी त्याला डोळ्यावर चावते आणि तो लिंगोबाच्या डोंगरावरची मधाची पोळी उतरवायचं मनात धरतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते. अप्पांची, म्हणजे दांडेकरांची, ठाकरी बोली वाचताना मी थांबून थांबून मोठ्याने म्हणायचे, इतकी ती जिभेवर येते.

पण त्या पानांत ढोल वाजला की मला कोणता ढोल ऐकू यायचा सांगू? गणपतीच्या मिरवणुकीतला. कारण माझ्या ओळखीचा ढोल तोच. डोंगरातला, रात्री अंगणात एका तालावर तासन् तास चालणारा ढोल मी जन्मात ऐकला नव्हता. लेखक 'ढोल' लिहितो आणि वाचणारा आपल्या घरातला ढोल त्याला जोडतो. त्यात कोणाचीच चूक नाही. पण सिनेमा पाहिला तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी चुकीचा ढोल ऐकत होते.

हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि ना. धों. महानोरांची गाणी. महानोर तिकडे अजिंठ्याच्या पायथ्याचे, पळसखेडचे, शेती करणारे. त्यांनी कर्नाळ्याच्या ठाकरांसाठी गाणी लिहिली आणि ती उपरी वाटत नाहीत. गोष्ट गाण्यांतून पुढे सरकते. लोक गातात म्हणून काहीतरी घडतं. कादंबरी ज्या गोष्टीकडे बोट दाखवते, ती गोष्टच सिनेमाने कानात आणून ठेवली. प्राची म्हणते ते मुकुंदच्या मनातलं आहे, म्हणून ते कागदावरच शोभतं. नाग्याचं जे आहे ते हातात आणि ढोलात आहे. केतकी म्हणाली तेही तेच. रोझीचं सगळं तिच्या पायांत आहे. दामले काका, पुस्तकाचा प्राण जिथे आवाजात किंवा अंगात असतो, तिथे पडदा पुढे जातो असं माझं प्रामाणिक मत आहे. पुस्तक कमी चांगलं असावं लागतं असं नाही.

दामले काका: ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पण मग एक उलटही सांगा. स्मिता पाटील पाहिल्यापासून मला माझी चिंधी दिसत नाही. मी सिनेमाआधी वाचलं होतं, माझी चिंधी वेगळी होती. जरा बुटकी, गव्हाळ. ती गेली. परत वाचलं तरी स्मिताच येते. ही नुकसानभरपाई कोण देणार?

संध्याताई: ते खरं आहे. ते गेलेलं परत येत नाही. माझीही गेली.

रोहन: दाखवणं म्हणजे नेहमी जास्त दाखवणंही नसतं बरं का. 'जॉज'च्या पुस्तकात पहिल्याच वाक्यात शार्क मासा येतो. सिनेमात तास होऊन गेला तरी नीट दिसत नाही. बनवलेला यांत्रिक मासा समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गने त्याला लपवलं आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर वाजवले. पुन्हा आवाजच.

यशवंतराव: हा मुद्दा मस्त आहे रोहन.

सुनंदा काकू: सासूबाईंचा निरोप आहे, त्यांनी सांगितलाय तसा लिहिते. त्यांना आता मोतीबिंदूनंतरही अक्षर लागत नाही. "गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन त्यांची मुलगी वीणाताई देव आणि घरचे लोक करायचे, ते मी ऐकलंय. तिथे ना पुस्तक डोळ्यांसमोर होतं ना पडदा. नुसता आवाज. तरी सगळं दिसलं. सिनेमा लावा, मी ऐकेन. पण आधी दामल्यांना दोन पानं वाचायला सांगा. त्यांचा आवाज आहे."

दामले काका: काकूंना नमस्कार सांगा. वाचतो. नाग्या माशी बघायला जातो तिथलं वाचू का? मधलं?

संध्याताई: तेच वाचा. शेवट वाचू नका, मुलांना सिनेमात कळू दे.

केतकी: रोहन, स्पीकर कोणता आणतोयस? लॅपटॉपचा नको. ढोलाचा खर्ज त्यात येणारच नाही, नुसती टकटक ऐकू येईल.

रोहन: मित्राकडे मोठा स्पीकर आहे, तो आणतो. पण रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालणार नाही. साडेसातला सुरू करायला लागेल.

सेक्रेटरी: म्हणजे सातला काकांचं वाचन, साडेसातला सिनेमा, मग दूध. बहुमताने 'जैत रे जैत' नक्की. सतरंज्या क्लब हाऊसमधून. पडदा नेहमीप्रमाणे पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर बांधू.

रोहन: काका, टाकीची भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. चंद्र उगवला की उजेड सरळ पडद्यावर येईल, चित्र धुऊन निघेल. मागच्या वर्षी तेच झालं होतं.

सेक्रेटरी: मग?

संध्याताई: दक्षिणेच्या कठड्याला दोन बांबू लावून बांधा. चंद्र बाजूला राहील. आणि पडदा जरा डावीकडे सरकवा. उजव्या बाजूला जी मोकळी जागा राहील तिथून कर्नाळा दिसतो. हवा स्वच्छ असेल तर चांदण्यात सुळका ओळखू येतो. मागच्या हिवाळ्यात प्राचीच्या कॉलेजबरोबर आम्ही पायथ्याशी गेलो होतो, तेव्हा कातळाला मधाची काळी पोळी लटकलेली पाहिली आणि बरोबरच्या माणसाने आम्हाला हळू बोलायला सांगितलं होतं.

प्राची: हो, आणि अत्तर लावलेल्यांना मागे थांबवलं होतं.

दामले काका: बांबू माझ्याकडे आहेत, गॅलरीत. रोहन, सकाळी येऊन ने.