रात्री नको, पूर्ण दिवस मोजा

मुलांना घेऊन बेटावरच्या रिसॉर्टवर चार रात्री पुरतील की सात हव्यात, असं तुम्ही विचारलंय. वर कुणीतरी ‘तीन बास’ म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. चार रात्रींत मोकळे दिवस तीनच मिळतात. पहिला दिवस बोट आणि सामानात जातो, शेवटचा खोली सोडण्यात. सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जाणार असाल तर ती सहसा दिवसाउजेडीच उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं, की एक रात्र विमानतळाजवळच काढावी लागते.

लहान मुलं पहिल्या दिवशी लाटांना बिचकतात, दुसऱ्या दिवशी रुळतात आणि तिसऱ्या दिवशी पाण्याबाहेर यायला तयार नसतात. नेमक्या तेव्हाच बॅगा भरायच्या? शिवाय एक दिवस पावसाचा, एक उन्हाने भाजलेल्या खांद्यांचा धराच. कुणी स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं) करणार असेल, तर एकाहून जास्त डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसू नये, हेही हिशेबात घ्या.

मी पाच रात्री म्हणेन. सात रात्री फक्त मुलं लहान असतील तर. आमच्या पंधरा वर्षांच्या बाईसाहेब चौथ्या दिवशीच वैतागल्या होत्या!