देशी की आयात? आधी चेसिस नंबर वाचा

टॉर्कराव

परवा एका मित्राची नवी आयात गाडी बघायला गेलो. बॉनेट नाही, इंजिन नाही, पठ्ठ्यानं आधी दार उघडून बंद करून दाखवलं. मग परत उघडलं, परत बंद केलं. "ऐकलंस? ठप्प! देशी गाडीचं दार असं लागतं का?"

आवाज झकास होता, खोटं कशाला बोलू. पण तो आवाज मुद्दाम घडवलेला असतो. दाराच्या पोकळीत आवाज दाबणाऱ्या पट्ट्या डकवतात, रबर दुहेरी देतात, लॅचची ठेवण तशी करतात. त्यातून गिअरबॉक्स किती वर्षं टिकेल ते कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की 'देशी चांगली की आयात' हा प्रश्नच आता शिळा झालाय. चेसिस नंबर १७ अक्षरी असतो आणि त्याच्या सुरुवातीवरून गाडी कुठली ते कळतं. जे असेल तर जपान, डब्ल्यू असेल तर जर्मनी, १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका. आता बीएमडब्ल्यूची एक्स ५ घ्या. नाव जर्मन, बनते साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला. म्हणजे ती खुद्द जर्मनीतच आयात गाडी! मग तिथल्या माणसानं तिला काय म्हणायचं?

पत्राप्रेमी

असहमत. 'शेवटी सगळं सारखंच' हे वाचायला बरं वाटतं, पण बोनेट आणि फेंडरमधल्या फटीत बोट फिरवून बघा. एका टोकाला नख जात नाही आणि दुसऱ्या टोकाला अख्खं बोट जातं, अशा देशी गाड्या मी कमी पाहिलेल्या नाहीत. फट म्हणजे नुसतं दिसणं नव्हे. जो कारखाना पत्रा सरळ बसवू शकत नाही, तो आतले बेअरिंग सरळ बसवत असेल यावर मी का विश्वास ठेवू?

आणि कुठे बनते यानं फरक पडत नाही म्हणता? मग हा किस्सा ऐका. १९८० च्या दशकात फोर्ड एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन ठिकाणी बनवून घेत होतं, काही ओहायोतल्या आपल्याच कारखान्यात आणि काही जपानमध्ये माझ्दाकडे. ड्रॉइंग एकच, मापं एकच. तरी जपानी गिअरबॉक्सच्या तक्रारी कमी आणि आवाजही कमी. फोर्डच्या इंजिनिअरांनी दोन्ही खोलून मापले. अमेरिकन पार्ट ठरलेल्या मर्यादेत होते, पण मर्यादेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेले. जपानी सगळे मधल्या मापाला चिकटून. एका पार्टची ढिलाई दुसऱ्याच्या ताठपणाला भेटली की खडखड सुरू. सगळे पार्ट पास, आणि तरी गाडी नापास!

टॉर्कराव

किस्सा माझ्याच पोतडीतला काढलात की राव! यातून कारखान्याची शिस्त दिसते, देशाचं रक्त नाही. याची उलट बाजू सांगतो.

जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला कारखाना होता. कामगार वाटेल तेव्हा दांड्या मारायचे, आणि गिऱ्हाइकाला छळायला दाराच्या आत कोकच्या बाटल्या टाकून वरून पॅनल बसवायचे. हे तिथल्याच लोकांनी नंतर सांगितलंय. (माझ्या मित्राला सांगायला हवं, दारातला आवाज असाही घडवता येतो.) १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये तिथंच टोयोटाबरोबर भागीदारीत 'नम्मी' नावानं सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियन तीच. शेकडो जणांना जपानला नेऊन काम दाखवलं. लाइनवर दोरी टांगली. चूक दिसली की कुणीही ती ओढायची, आणि दोष तिथल्या तिथे निघाला नाही तर लाइन थांबायची. थोड्याच काळात त्याच हातांनी जपानच्या तोडीच्या गाड्या काढल्या.

खरी गंमत पुढे आहे. त्या एकाच कारखान्यातून टोयोटाची कोरोला आणि जनरल मोटर्सची प्रिझ्म निघायची. आतून जवळजवळ जुळ्या बहिणी. तरी जुन्या बाजारात कोरोला चढ्या भावानं जायची. लोक लोखंडाचे नाही, बिल्ल्याचे पैसे मोजत होते. पत्राप्रेमी, तुम्ही त्या बाजारात असतात तर कुठली घेतली असती?

पत्राप्रेमी

कोरोला. विकताना मलाही तो चढा भाव मिळालाच असता ना!

पाना_पक्कड

तुमचं चालू द्या, मी फक्त गॅरेजमधलं सांगतो. २२ वर्षं हात काळे केलेत.

माझ्याकडे एक आयात गाडी आली होती. कंपनीचं नाव घेत नाही. बिघाड काय? पुढच्या चाकाचा सेन्सर, अंगठ्याएवढा. बदलायला अर्धा तास. तो यायला लागले ४७ दिवस. आणि गाडी नुसती उभी राहिली की तिला रोग लागतात. बॅटरी बसली. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज चढला. टायर एकाच बाजूवर भार घेऊन तिथे चपटे पडले. शेवटच्या आठवड्यात बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्याशेजारी उंदरानं चिंध्यांचं घर केलेलं, आणि शेजारची वायर कुरतडलेली. मग त्या वायरिंगची वाट बघणं सुरू!

मालक सारखं म्हणायचा, "पण गाडी दणकट आहे हो." असेल. पण त्या ४७ दिवसांत तो बसनं फिरला.

माझ्या लेखी भरवशाची गाडी म्हणजे बिघडली तर संध्याकाळपर्यंत घरी जाणारी.

पत्राप्रेमी

पानाभाऊ, हा गाडीचा दोष नाही, पुरवठ्याचा आहे. तुम्ही दोन गोष्टींची खिचडी करताय. देशी गाडी वर्षातून चारदा बिघडते आणि चारही वेळा संध्याकाळी घरी जाते, यात कौतुक कसलं?

पाना_पक्कड

चारदा नाही हो, अलीकडच्या गाड्या तेवढ्या येत नाहीत. आल्या असत्या तर माझं बरं चाललं असतं. आणि खिचडी मी नाही करत, मालक करतो. त्याला फक्त किल्ली फिरवली की गाडी चालू झाली का, एवढंच कळतं.

चौथा_गिअर

दोघंही गुणवत्ता आणि विश्वासार्हता एकाच पातेल्यात ढवळताय. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरची दोन वेगळी सर्वेक्षणं असतात. एकात नवी गाडी घेतल्यावर पहिल्या ९० दिवसांत काय तक्रारी आल्या ते विचारतात, दुसऱ्यात तीन वर्षं जुन्या गाडीच्या मालकांना. दोन्हींचा हिशेब दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी असा. यात ब्लूटूथ जोडलं जात नाही ही एक तक्रार आणि गिअर पडत नाही हीसुद्धा एकच तक्रार. त्यामुळे 'अमुक ब्रँड तळाला' वाचून लगेच शिव्या घालायच्या नाहीत. तळाला तो स्क्रीनमुळे आहे की इंजिनमुळे, हे आत जाऊन वाचावं लागतं.

आणि तीन वर्षं म्हणजे काय हो? गाडीचं बालपण. आठव्या वर्षी बुश, होज, रबर, वायरिंग काय म्हणतात ते बघायचं. तो आकडा फारसा कुणी छापत नाही, कारण नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाला त्यात रस नसतो.

राष्ट्ररथ

एवढं कशाला हवं? आपल्या देशाची गाडी घेणं हे कर्तव्य आहे. पैसा देशात राहतो.

शंकासूर

राष्ट्ररथ, कर्तव्य रस्त्यात बंद पडलं की ढकलायला तुम्ही येणार का? दणदणीत करांच्या भिंतीआड वाढलेले कारखाने आळशी होतात, कारण गिऱ्हाईक जाणार कुठे? पण आयातवाल्यांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत. १९८० च्या दशकात युगोस्लाव्हियाची युगो अमेरिकेत आयातच झाली होती, आणि अजून विनोदांत जिवंत आहे.

आता दोन्ही बाजूंसाठी एक औषध: टकाटा. ही एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी. तिच्या इन्फ्लेटरमधलं (बॅग फुगवणाऱ्या धातूच्या डब्यातलं) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण-दमट हवेत राहून बिघडायचं, आणि बॅग फुगताना तो डबाच फुटून तुकडे अंगावर यायचे. माणसं गेली त्यात. कुठल्या गाड्यांत होत्या त्या? होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू, फोर्ड, जनरल मोटर्स. देशी-आयात, स्वस्त-महाग, सगळ्या एका माळेत. २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

टॉर्कराव

शंकासूर, बरोब्बर. आणि 'आयात म्हणजे श्रीमंत देशातून आलेली' हाही गैरसमज. सुझुकीची पाच दारी जिम्नी भारतात बनते. २०२५ मध्ये ती जपानमध्ये विकायला ठेवली तर चार-पाच दिवसांत ५०,०००च्या आसपास नोंदण्या झाल्या आणि बुकिंगच थांबवावं लागलं. जपानी गिऱ्हाइकानं आयात गाडीसाठी लावलेली ही रांग!

पत्राप्रेमी

ठीक. कारखान्याची शिस्त देशापेक्षा मोठी, हे मान्य. पण ती शिस्त आयात गाड्यांत जास्त वेळा दिसते हे माझं मत कायम. माझी स्वतःची आयात गाडी सहा वर्षांची आहे. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. काही म्हणजे काही करावं लागलं नाही.

पाना_पक्कड

काहीच नाही? ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत?

पत्राप्रेमी

ते पण बदलायचं असतं?