‘देशी अर्थाने परदेशी’: मराठीत काय म्हणाल?

चौकस: भाषांतरात अडकलेय. अमेरिकेतला १९०१ चा डाउन्स विरुद्ध बिडवेल खटला. पोर्तो रिको बेटावरच्या सॅन हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आली आणि बंदरात त्यांच्यावर ६५९ डॉलर ३५ सेंट घेतले. डाउन्स कंपनीचं म्हणणं, पोर्तो रिको १८९८ पासून आपलंच, मग घरच्या मालावर कसली वसुली? कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की बेट मालकीचं आहे, पण करसमानतेच्या कलमापुरतं ते ‘अमेरिका’ नाही. न्या. व्हाइट यांच्या शब्दांत, ‘फॉरेन इन अ डोमेस्टिक सेन्स’. अशा प्रदेशाला, म्हणजे ‘अनइनकॉर्पोरेटेड टेरिटरी’ला, मी ‘असमाविष्ट प्रदेश’ लिहिलं आणि ‘ड्यूटी’ला ‘जकात’. संपादकांनी दोन्हींवर लाल रेघ मारली.

पाटीपेन्सिल: लग्न झालंय पण रेशनकार्डात नाव चढलेलं नाही, असा प्रकार दिसतो :)

शुद्धमती: ‘असमाविष्ट’ बरोबर आहे. ‘टेरिटरी’ला मात्र राज्यक्षेत्र म्हणा, राज्यघटनेच्या मराठी प्रतीत तोच शब्द आहे. आणि जकात नाही, सीमाशुल्क.

उनाड: संघ राज्यक्षेत्र म्हणतं कोण? गोवा १९८७ पर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘केंद्रशासित’च होता. आणि जकातीत काय वाईट? शिवाजी महाराजांचं १६७१ चं कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र वाचा. बारदेशचं, म्हणजे फिरंग्यांच्या हद्दीतलं मीठ स्वस्त पडतं म्हणून त्यावर जबर जकात बसवायला सांगितलंय. परमुलखातल्या मालावरची वसुली, शब्द जकात.

शुद्धमती: तेव्हाचं तेव्हा. आज जकात म्हटलं की मुलुंडचा नाका आठवतो, तोही २०१७ ला गेला. शिवाय शब्द अरबी. कौटिल्याकडे शुल्काध्यक्ष होता.

उनाड: संस्कृतात शुल्क म्हणजे वधूमूल्यसुद्धा. पाटीपेन्सिलचं रेशनकार्ड जुळलं की!

मांडवीकाठ: आजी मडगावची. मुंबईला मामाकडे जाताना कुळ्याला पोर्तुगीज कष्टमवाले ट्रंक उघडायचे, पुढे कॅसलरॉकला आपले. एकदा लोणच्याची बरणी दोन्हीकडे उघडली, लोंढ्यापर्यंत डब्यात वास. तिचा शब्द ‘आल्फांद’. मूळ पोर्तुगीज आल्फांदेगा, तो अरबी फुंदुकवरून, म्हणजे सराई. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींचे ‘सागरपार प्रांत’ केले, गोवा कागदावर पोर्तुगाल झाला. बरणी उघडायची ती उघडलीच.

चौकस: तुमचं उदाहरण माझ्या खटल्याच्या अगदी उलट आहे, छान. पण गंमत ऐका. त्याच दिवशी, २७ मे १९०१ ला, डीलिमा खटल्यात तेच कोर्ट म्हणालं की पोर्तो रिको ‘परदेश’ नाही, म्हणून तिथल्या साखरेवरचं शुल्क बेकायदा. फरक एवढाच की साखर १९०० च्या फोरेकर कायद्याआधीची आणि संत्री नंतरची. त्या कायद्याने नेहमीच्या दराच्या १५ टक्के लावले होते. म्हणजे ‘परदेश’ एकाच शब्दाने भागत नाही.

पाटीपेन्सिल: ‘घरचाच परका’?

शुद्धमती: नाटकाचं नाव वाटतं. न्यायालयीन मजकुरात चालणार नाही.

उनाड: चालेल की. न्या. व्हाइट यांचं तरी कुठे कायदेशीर वाटतं? जकातीचे आणखी शब्द घ्या: थळभरीत म्हणजे माल भरतो तिथली, थळमोड म्हणजे विकतो तिथली.

मांडवीकाठ: थळमोड! आमच्याकडे ऐकला नाही कधी.

चौकस: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. ‘असमाविष्ट’ ठेवू की काढू?

उनाड: थळमोड मोल्सवर्थच्या शब्दकोशात आहे, आत्ता पाहिलं.