शिवाजी पार्कला मल्लखांब आणि बाबांचं चालणं, दोन्ही कसं जमवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नुकतेच नाशिकहून दादरला शिफ्ट झालोय, शिवाजी पार्कच्या पूर्वेकडच्या गल्लीत. घर घेताना मैदान जवळ आहे हेच डोक्यात होतं, कारण लेक आठ वर्षांची आणि बाबा बहात्तरचे, दोघांनाही घरात डांबून ठेवणं मला मान्य नाही.

लेकीला मल्लखांब शिकायचाय. समर्थ व्यायाम मंदिर इथेच आहे, २०१९ ची मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानात झाली, त्यामुळे दुसरीकडे कशाला जायचं असं वाटतं. पण या वयाच्या मुलींना आधी दोरीवर घेतात की एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावरही लगेच चढवतात? नवीन मुलांचे प्रवेश वर्षभर चालू असतात की सुट्टीतच? आणि तिथले पालक सांगा, सुरुवातीला हातापायांना दोरीचे वळ उठतात त्याला काय लावता, कारण ती घाबरून पहिल्याच आठवड्यात सोडून देईल अशी मला धास्ती आहे.

आता बाबा. त्यांना दम्याचा थोडा त्रास आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, मैदानाभोवतीच्या कट्ट्याबाहेरून एक फेरी जवळपास सव्वा किलोमीटर होते म्हणजे दोन फेऱ्या पुरेत, पण मैदानात लाल माती टाकल्यापासून पावसाळा संपला की धूळ उडते आणि ते घरी येतात तेच खोकत. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणजे धूळ आमच्या पूर्वेच्या बाजूला येणार, मग पश्चिमेच्या, कॅडल रोडकडच्या बाजूनेच ये-जा करत चाललं तर कमी त्रास होईल का, की तिथे गाड्यांचा धूर जास्त? सकाळी क्रिकेटची नेट्स सुरू व्हायच्या आत जाऊन यावं असं माझं मत आहे पण थंडीत इतक्या पहाटे त्यांना बाहेर काढू का? दम्याची माणसं घरात असलेल्यांनी प्लीज स्वतःचा अनुभव लिहा. मैदानातल्याच ज्येष्ठांसाठीच्या नाना-नानी पार्कमध्ये धूळ कमी लागते का तेही सांगा, तिथे त्यांना समवयस्क सोबतही मिळेल.

हे विचारतोय कारण मैदान सोडून द्यायचं मनात नाही. १९२५ पासून लोकांसाठी खुलं आहे, १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने माहीम पार्कचं शिवाजी पार्क झालं, दादरसारख्या ठिकाणी २८ एकर मोकळी जागा आणि आत जायला तिकीट नाही, अजून काय पाहिजे! बाबांना तर संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची ही जागा म्हणून इथेच चालायचंय, दुसऱ्या बागेचं नाव काढलं तरी चालत नाही त्यांना.

मल्लखांबाची संध्याकाळची बॅच आणि बाबांचं चालणं एकाच वेळेत बसलं तर मला ऑफिसातून येऊन दोघांना एकदमच नेता येईल, पण धुळीमुळे बाबांची सकाळच बरी असेल तर तसंही स्पष्ट सांगा, मी माझी शिफ्ट बदलून घेईन.

आगाऊ धन्यवाद.