महिन्याचा हिशेब: तुमच्या घरी वही कशी टिकली?

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलीची फी, दप्तर-रेनकोट आणि विम्याचा वार्षिक हप्ता एकदमच आला. बारा तारखेलाच आवर्ती ठेव मोडावी लागली. फार लागलं मनाला.

वही त्याआधी चारदा सुरू करून सोडली होती. पै न् पै लिहायची, चार दिवस राहून गेले की मागचं आठवायचं नाही, वही कपाटात. आता पाचच रकाने: वाणसामान, दूध-भाजी, येणं-जाणं, औषधपाणी, इतर. रविवारी सकाळी चहा घेताना दोघं मोबाईलवरचे यूपीआयचे व्यवहार बघून भरतो. रोखीचं तेवढं त्या त्या दिवशी टिपून ठेवायचं.

खरा फरक वर्षाच्या खर्चांनी पडला. फी 42,000, विमा 18,000, गणपती-दिवाळी 24,000. झाले 84,000, म्हणजे महिन्याला 7,000. पगार झाला की आधी हे वेगळ्या खात्यात जातात, उरलेल्यात महिना बसवायचा.

तुमचं कसं जमलं? वही मोडली असेल तर तेही लिहा.

सांगलीकडून
आमच्याकडं पगाराची तारीखच नाही. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी, उसाचं वर्षाचं. म्हणून वहीची पानंही दहा-दहा दिवसांची केली. घरखर्च दुधातच भागवायचा. उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज, खतं आणि काही लग्नकार्य असलं तर ते.

पेंडीचे पैसे बिलातूनच कापून येतात. मी आधी हातात पडलेली रक्कम तेवढी जमा धरायची. आता दुधाची पूर्ण रक्कम जमेला आणि पेंड खर्चाला लिहिते. तसं लिहिल्यावरच कळलं, एक म्हैस खात होती त्याच्या निम्म्याचंही दूध देत नव्हती. ती विकायचं घरात मी सुचवलं. तोवर असल्या गोष्टीत मला कुणी विचारत नव्हतं.

ठाण्याहून
आमची वही भांडणापायी बंद पडली. माझ्या आईच्या औषधांची ओळ आली की ‘हे किती झाले?’ असा प्रश्न यायचा. सहा महिने मी ते लिहिलंच नाही. आता दोघांना दरमहा 2,000 बिनहिशेबी. ते कुठं गेले, कोणी विचारायचं नाही. बाकी सगळं वहीत, आईची औषधंसुद्धा, घरखर्चाच्याच रकान्यात.

पुण्याहून, निवृत्त
मी वही घातलीच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहितो. आम्हा दोघांना 14.2 किलोची टाकी पन्नासेक दिवस पुरते. मागच्या खेपेला चाळिसाव्या दिवशीच संपली. नळी तपासली, तर शेगडीपाशी तडा गेला होता.