शब्दचर्चा: मोजायचं ते सुशासन, शासन की कारभार?

सीताबर्डीकर:
इथल्या लोकप्रशासनाच्या मुलांसाठी टिपणं मराठीत लिहितोय. देशोदेशीच्या सरकारांचं काम कसं मोजतात, हा विषय. जागतिक बँकेच्या 'गव्हर्नन्स' निर्देशकांत 1996 पासूनचे आकडे आहेत आणि त्यांची अंगं सहा: लोकांचा आवाज व उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमनाचा दर्जा, कायद्याचं राज्य, भ्रष्टाचारावर नियंत्रण. गुण वर्षानुवर्षे साधारण उणे 2.5 ते अधिक 2.5 या पट्टीवर दिले गेले. या 'गव्हर्नन्स'साठी सगळे 'सुशासन' लिहितात. पण उणे दोन गुणांच्या देशाचं सुशासन कसलं? आणि नुसतं 'शासन' लिहिलं की मुलांना शासन निर्णयच आठवतो.

महालकर:
भाऊ, 'कारभार' लिहा. 'सुशासन' म्हटलं की मोजण्याआधीच निकाल लागला. कारभार चोख असतो, भोंगळ असतो, मनमानीही असतो. आपल्या बोलण्यात ही विशेषणं त्याला आधीपासून चिकटलेली आहेत. 'शासन'च्या मुळाशी 'शास्' धातू आहे, आज्ञा करणं, दंड करणं. 'त्याला शासन झालं' म्हणजे शिक्षा झाली. तिथं सगळं वरून खाली येतं.

मला जास्त काळजी 'उत्तरदायित्व'ची वाटते. मुलं तो शब्द पाठ करतात आणि अर्थ 'जबाबदारी' असा लावतात. नागपुरात हिंदीतून आलेला 'जबाबदेही' रुळलाय, तोच ठेवा. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा झाला, तेव्हापासून कचेऱ्यांत फलक असतो. परवा एका ठिकाणी उभा राहून वाचला. पहिल्या रकान्यात उत्पन्नाचा दाखला, मग 15 दिवस, मग अधिकाऱ्याचं पद, शेवटी अपील कोणाकडे. मुदतीत दाखला देणं ही जबाबदारी. तो नाही दिला तर जाब कोणापुढे द्यायचा, हे सांगणारा शेवटचा रकाना म्हणजे जबाबदेही. मुलांना तिथं नेऊन दाखवाच.

सीताबर्डीकर:
नेतो. 'कायद्याचं राज्य' वाचलं की त्यांना अधिवेशनातला बंदोबस्तच दिसतो, तेवढं कसं सोडवू?

महालकर:
तो 'कायदा व सुव्यवस्था'. या निर्देशकात पोलीस आणि गुन्हे येतात खरे, पण करार पाळले जातात का, मालमत्तेचे हक्क टिकतात का, न्यायालयांवर भरवसा किती, हेही येतं. आणि या आकड्यांना 'मोजणी' म्हणू नका, आपल्याकडे मोजणी जमिनीची. हे आकडे जाणकारांच्या, उद्योगांच्या, कुटुंबांच्या मतांवरून काढलेले असतात, म्हणून प्रत्येकासोबत तो किती मागेपुढे असू शकतो, ती मर्यादाही छापतात. 'अंदाज' लिहा.