किमान वेतन वाढले की रोजगार घटतोच का? रोहयोचा १९८८ चा अनुभव

जिज्ञासू_लातूर: महाराष्ट्र राज्याने १९८८ मध्ये किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट केले आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेवरील (रोहयो) मजुरांची उपस्थिती बरीच घटली, असे वाचनात आले. उलट अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा फास्ट फूडच्या दुकानांतील नोकऱ्या घटल्या नाहीत, असे डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांना आढळले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

पाझरतलाव: दोन्हीकडे पैसे देणारा वेगळा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. न्यू जर्सीतील दुकानदार प्रत्येक कामगाराच्या श्रमावर कमावतो, आणि कामगाराला सहजासहजी दुसरीकडे जाता येत नसेल तर त्याला कमाईच्या मानाने कमी वेतन देऊनही दुकानदाराचे भागते. अशा ठिकाणी कायद्याने वेतन वाढवले तर नफ्यातला काही वाटा कामगाराकडे जातो, माणूस काढावा लागतोच असे नाही. (तुलनेसाठी कार्ड आणि क्रूगर यांनी शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातील दुकाने घेतली होती, कारण तिथे दर बदलला नव्हता.)

रोहयोवर मालक म्हणजे सरकार, आणि नालाबंडिंगमधून (नाल्यांवर बांध घालण्याच्या कामातून) तिजोरीत काही परत येत नाही. पैसा यायचा तो व्यवसाय करासारख्या करांतून आणि राज्याच्या तरतुदीतून. दर दुप्पट झाला आणि तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही, तर मनुष्यदिवस (एका मजुराचे एका दिवसाचे काम) घटणारच. १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम देण्याची हमी दिलेली असल्यामुळे उघड नकार देता येत नव्हता. नवी कामे मात्र उशिरा काढता येत होती. मजुरी वाढल्याने काम मागणारे वाढले असणार, आणि नेमक्या त्याच वेळी कामे आखडली. दरवाढ चुकीची होती असे मी म्हणणार नाही. किमान वेतनाहून कमी मजुरी देणे म्हणजे घटनेच्या कलम २३ खालील वेठबिगारी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात सांगितलेच होते.

मस्टरवाला: वडील मराठवाड्यात अशा कामांवर हजेरी घेत, म्हणून एक भर घालतो. मजुरी दिवसावर नव्हे, मापावर असे. खोदताना मूळ जमिनीचा एक उंचवटा खड्ड्यात तसाच राखायचे आणि त्यावरून खोली मोजून गटाची मजुरी काढायचे. टणक मुरूम लागला की दर वाढलेला असूनही हातात थोडेच पडे. दुसरे असे की उपस्थितीचा आकडा मस्टरवरून (हजेरीपटावरून) येतो. मागणीचा अर्ज देऊन, काम निघालेले नाही म्हणून घरी परतलेली बाई त्या मस्टरवर कुठेच नसते.